मानसशास्त्रात पीएचडी झाली, आता शरीराकडे: अमेरिकेतल्या पोस्टडॉकची तयारी

१९९३ साली मॉन्ट्रियलमध्ये नॅन्सी फ्रेझर-स्मिथ यांच्या गटानं हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या २२२ रुग्णांची सहा महिने नोंद ठेवली. नैराश्य असलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण कितीतरी जास्त निघालं. साहजिकच पुढचा प्रश्न आला, की नैराश्यावर उपचार केले तर ही माणसं वाचतील का? त्यासाठी अमेरिकेत २,४८१ रुग्णांवर ‘एनरिच्ड’ ही मोठी चाचणी झाली. २००३ साली निकाल लागला: मानसोपचारानं नैराश्य थोडं उतरलं, पण मृत्यू आणि पुन्हा येणारे झटके होते तेवढेच राहिले.

या दोन निकालांच्या मधली जागा म्हणजे मन आणि शारीरिक आजार यांच्या संबंधाचा अभ्यास करणारं आजचं क्षेत्र. मनाचा शरीराशी संबंध आहे, हे आता कुणाला पटवून द्यावं लागत नाही. तो कोणत्या वाटेनं पोचतो (दाह, झोप, स्वायत्त मज्जासंस्था, औषधं वेळेवर न घेणं, की आणखी काही) आणि त्या वाटेवर नेमकं कुठं अडवलं तर फरक पडेल, हे अजून उलगडायचं आहे. म्हणून ‘ताण आणि आजार यांचा संबंध’ अशा विषयावर आणखी एक पेपर काढायला पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधन-प्रशिक्षण) करू नये. शरीरातली एक यंत्रणा धरायची आणि ती स्वतःच्या हातानं मोजायला शिकायचं, यासाठी ती दोन-तीन वर्षं असतात.

आधी पैसा कुठला, ते बघा

बहुतेक जण विषयापासून सुरुवात करतात आणि पात्रतेच्या अटीवर येऊन आपटतात. क्रम उलटा ठेवा.

अमेरिकेत या विषयातलं शिस्तबद्ध प्रशिक्षण मुख्यतः एनआयएच या आरोग्य-संशोधनाला पैसा देणाऱ्या सरकारी संस्थेच्या ‘टी-३२’ अनुदानावर चालतं. हा पैसा विद्यापीठाला मिळतो आणि विद्यापीठ पोस्टडॉक निवडतं. लॉस एंजेलिसच्या यूसीएलएमधला मानसिक व शारीरिक आरोग्याच्या जैव-वर्तनविषयक प्रश्नांवरचा कार्यक्रम, पिट्सबर्ग विद्यापीठाचा हृदयविकार आणि वर्तनाचा कार्यक्रम, सॅन फ्रान्सिस्कोच्या यूसीएसएफमधला मानसशास्त्र आणि वैद्यकाचा कार्यक्रम ही यातली जुनी, नावाजलेली ठिकाणं. टी-३२ वर नेमणूक होण्यासाठी अमेरिकेचं नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. जे-१ किंवा एच-१बी व्हिसावरच्या माणसाला ही जागा मिळत नाही. तुम्ही कितीही हुशार असा, मार्गदर्शकाला तुम्ही कितीही हवे असा. ‘एफ-३२’ या वैयक्तिक फेलोशिपलाही हीच अट आहे. जाहिरातीत ही ओळ बहुधा सगळ्यात शेवटी असते, म्हणून वाचन तिथून सुरू करा.

ग्रीन कार्डधारक असाल तर तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, विद्यावेतन ठरलेलं असतं: २०२४ साली पीएचडीनंतरच्या पहिल्या वर्षाला ६१,००८ डॉलर होतं. त्याला रुपयांनी गुणून हुरळून जाऊ नका. सॅन फ्रान्सिस्कोचं घरभाडं भरल्यावर काय उरतं ते मोजा. दोन, हा पगार नव्हे. कर कापून घेतला जात नाही, त्यामुळे दर तिमाहीचा अंदाजी कर बहुधा स्वतःच भरावा लागतो. पहिल्या एप्रिलमध्ये घाम फुटतो तो यामुळेच. तीन, पहिल्या १२ महिन्यांची ‘परतफेड’ असते. दुसरं वर्ष प्रशिक्षणात किंवा संशोधनात काढलं की ती आपोआप फिटते. वर्ष संपताच संशोधन सोडून पूर्णवेळ रुग्णसेवेकडे वळणाऱ्याच्या अंगावर मात्र ती येते. टी-३२ आणि एफ-३२ ज्यात येतात त्या एनआरएसए या योजनेतून पोस्टडॉकला सगळे मिळून तीन वर्षंच मिळतात, हेही हिशेबात धरा.

भारतातून जाणाऱ्यांसाठी खरे रस्ते दोन. पहिला, मार्गदर्शकाच्या स्वतःच्या संशोधन अनुदानावर नोकरी. त्याला नागरिकत्वाची अट नसते. पण ते अनुदान कधी संपतंय ते आधी बघा. एनआयएच रिपोर्टर या मोफत संकेतस्थळावर मार्गदर्शकाचं नाव टाकलं की त्याची सगळी अनुदानं आणि त्यांच्या अखेरच्या तारखा दिसतात. आठ महिन्यांत संपणाऱ्या अनुदानावर ‘दोन वर्षांची जागा’ कुणी देऊ करत असेल, तर उरलेल्या सोळा महिन्यांचे पैसे कुठून येणार ते थेट विचारा. २०२५ पासून एनआयएचच्या पैशांची खात्री पूर्वीइतकी राहिलेली नाही, त्यामुळे या प्रश्नाचं कुणाला वाईट वाटत नाही. दुसरा रस्ता फुलब्राइट-नेहरू पोस्टडॉक्टरल फेलोशिपचा.

जे-१ व्हिसावर संशोधक म्हणून जास्तीत जास्त पाच वर्षं राहता येतं. पण मधेच कार्यक्रम संपवून परत आलात, तर याच प्रकारात पुन्हा जायला २४ महिने थांबावं लागतं. म्हणजे ‘सहा महिने जाऊन बघू’ हा बेत महागात पडतो. जे-१ संपल्यावर मायदेशी दोन वर्षं राहण्याची अट वेगळी. ९ डिसेंबर २०२४ पासून लागू झालेल्या कौशल्य-यादीतून (कोणत्या देशांना कोणत्या कौशल्यांची माणसं परत हवी आहेत, त्याची अमेरिकी यादी) भारताचं नाव निघालं आहे, त्यामुळे त्या कारणानं ती आता लागत नाही. फुलब्राइटसारख्या सरकारी शिष्यवृत्तीवर गेलात तर मात्र लागते.

आणखी एक गोष्ट: ज्यांना अमेरिकेत क्लिनिकल परवाना हवा आहे त्यांचे संशोधनाचे तास परवान्यासाठी बहुधा धरले जात नाहीत. राज्यागणिक नियम वेगळे आहेत. देखरेखीखालच्या रुग्णसेवेचे तास मिळणार का, हे लेखी विचारून घ्या.

एक आजार, एक यंत्रणा, दोन मार्गदर्शक

‘मला मानसिक आरोग्य, मधुमेह, हृदयविकार आणि सजगता यांत रस आहे’ असं लिहिणाऱ्याला कशातच रस नाही असं वाचणारा समजतो. कागदावर एक वाक्य लिहून बघा: अमुक मानसिक स्थिती, तमुक यंत्रणेमार्फत, अमक्या आजाराच्या अमक्या टप्प्यावर परिणाम करते का? उदाहरणार्थ, तेच तेच विचार घोळवण्याची सवय झोपेत रक्तदाब उतरण्याच्या आड येते का? एरवी रात्री रक्तदाब दिवसापेक्षा दहा टक्के किंवा जास्त उतरतो; तो न उतरणं हृदयाला बरं नाही. म्हणजे मोजायचं काय, कशानं आणि किती वेळ (चोवीस तास, दंडावरच्या पट्ट्यानं) हे वाक्यातच ठरलं.

मार्गदर्शक दोन हवेत. एक मानसशास्त्राचा आणि दुसरा त्या आजाराचा डॉक्टर किंवा प्रयोगशाळेचा माणूस. दुसरा नसेल तर रुग्ण मिळत नाहीत. मिळाले तरी त्यांची औषधं समजत नाहीत. बीटा-ब्लॉकर (हृदयगती मंदावणारं औषध) घेणाऱ्याच्या हृदयगतीवरून ताणाबद्दल निष्कर्ष काढणारे पेपर असेच जन्माला येतात.

पत्रव्यवहार पीएचडी संपण्याच्या वर्ष-सव्वा वर्ष आधी सुरू करा. ‘रिस्पेक्टेड सर’ म्हणून पन्नास जणांना एकच मेल धाडण्यापेक्षा सहा जणांना सहा वेगळ्या मेल पाठवा. प्रत्येक मेल तीन परिच्छेदांपेक्षा मोठी नको: तुम्ही काय मोजलंत आणि काय आढळलं, त्यांच्याकडच्या नेमक्या कोणत्या डेटावर किंवा तंत्रावर तुमचा कोणता प्रश्न आहे, पैसे कुठून येऊ शकतात. ‘तुमच्या कामानं भारावून गेले’ हे वाक्य गाळा. त्याऐवजी ‘तुमच्या चोवीस तासांच्या रक्तदाबाच्या डेटात विचार घोळवण्याची प्रश्नावली भरून घेतली होती का?’ असं विचारा. अशा प्रश्नाला उत्तर येतं, कारण ते देणं सोपं असतं. उत्तर नाही आलं तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण करावी, दुसऱ्यांदा नको.

मुलाखतीनंतर तिथून गेलेल्या दोन पोस्टडॉकशी फोनवर बोला. ‘मार्गदर्शक कसे आहेत?’ या प्रश्नाला सगळे ‘छान’च म्हणतात. मसुदा दिल्यावर किती आठवड्यांनी परत मिळतो, पहिल्या लेखकाचं नाव कसं ठरतं, आणि जाताना डेटा सोबत नेता आला का, हे विचारा.

पहिले तीन महिने

या काळात नवा प्रयोग सुरू होत नाही. माणसांवरच्या संशोधनाचं आणि रक्त-लाळ हाताळण्याचं प्रशिक्षण, नैतिकता समितीच्या कागदांत तुमचं नाव चढणं, डेटाची परवानगी, यातच दिवस जातात. टी-३२ वर असाल तर संशोधनाच्या नीतिमत्तेचं किमान आठ तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षणही असतं. म्हणून पहिला पेपर आधीच गोळा झालेल्या डेटावर धरा.

अमेरिकेचा ‘मिडस’ हा अभ्यास १९९५ साली सात हजारांहून जास्त माणसांवर सुरू झाला. पुढच्या टप्प्यांत त्यातल्या काहींचं रक्त, लाळ, झोप असं बरंच मोजलं गेलं, आणि डेटा मोकळा आहे. आपल्याकडे मुंबईत देवनारच्या आयआयपीएस या लोकसंख्या-अभ्यासाच्या संस्थेकडे ‘लासी’ हे सर्वेक्षण आहे: ४५ वर्षांवरच्या ७२ हजारांहून अधिक भारतीयांचा पहिला टप्पा, त्यात नैराश्याचे प्रश्न, रक्तदाब, पकडीची ताकद वगैरे. नमुन्याची वजनं (प्रत्येकाच्या उत्तराला लोकसंख्येतल्या वाट्याप्रमाणे द्यायचं महत्त्व) न लावता केलेलं विश्लेषण समीक्षक पहिल्याच फेरीत परत पाठवतात, तेव्हा त्याची मार्गदर्शिका आधी वाचा.

मोजमाप: इथंच सगळं बिघडतं

लाळेतल्या कॉर्टिसोल या ताणाच्या संप्रेरकाचंच घ्या. स्वस्त, सुई नाही, माणूस घरीच नमुना देतो. म्हणून नवशिके तिकडे धावतात आणि सगळ्यात जास्त तिथंच फसतात. उठल्यानंतर ३० ते ४५ मिनिटांत कॉर्टिसोल चढून शिखरावर जातं. ही चढण पकडायला पहिला नमुना डोळे उघडताच, मग ३० आणि ४५ मिनिटांनी, आणि जमलं तर मधेही घेतात. पण माणूस उठतो, चूळ भरतो, मोबाइल बघतो आणि पंधरा मिनिटांनी पहिली नळी भरून लेबलवर ‘६:३०’ लिहितो. तोवर पातळी चढलेली असते. मग चढण छोटी दिसते. उशीर सगळ्यांचा सारखा असता तर एक वेळ चाललं असतं. पण नैराश्यातल्या, थकलेल्या माणसाचा उशीर जास्त होण्याची शक्यता असते. तुम्ही ‘नैराश्यात कॉर्टिसोलची प्रतिक्रिया मंदावते’ असं छापता, आणि प्रत्यक्षात मोजलेला असतो अंथरुणातला आळस. यावर उपाय म्हणजे बाटलीचं झाकण उघडल्याची वेळ नोंदवणारी इलेक्ट्रॉनिक झाकणं आणि उठण्याची वेळ दाखवणारा मनगटी हालचाल-मापक. पैसे नसतील तर निदान नळ्या उशाशी ठेवायला सांगा, तारीख-वेळ छापणारा फोटो मागवा, आणि उशिराचे नमुने किती झाले की गाळायचे ते आधीच लिहून ठेवा.

सहभागींना द्यायच्या कागदावर हे हवंच: तिसरी नळी होईपर्यंत पाण्याशिवाय काही पिऊ नये, खाऊ नये, ब्रश करू नये (हिरड्यांतून आलेलं रक्त नमुना नासवतं), सिगारेट-तंबाखू नाही. आपल्याकडे मिश्रीचा उल्लेख वेगळा करा. ‘तंबाखू खाता का?’ला ‘नाही’ म्हणणाऱ्या बायका मिश्री लावत असतात. दम्याचे स्टेरॉइडचे पंप, गर्भनिरोधक गोळ्या आणि रात्रपाळी यांची नोंद घ्या.

नळ्या घरच्या फ्रिजमध्ये ठेवून आणल्या तरी चालतं, प्रयोगशाळेत मात्र उणे २० अंशांत किंवा त्याखाली ठेवायच्या. गोठवून वितळवलेली लाळ सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली की चिकट भाग तळाशी बसतो. तो तसाच पिपेटमध्ये ओढला गेला की जुळ्या मापनांत तफावत येते. एकाच नमुन्याच्या दोन मापनांतली तफावत दहा टक्क्यांच्या आत आणि प्लेट-प्लेटमधली (प्लेट म्हणजे अनेक नमुने एकदम मोजायची खाचांची तबकडी) पंधराच्या आत असावी. एका माणसाचे सगळे नमुने एकाच प्लेटवर ठेवा, आणि प्रत्येक प्लेटवर दोन्ही गटांची माणसं मिसळा. रुग्ण एका प्लेटवर आणि निरोगी दुसऱ्या प्लेटवर गेले, तर जो फरक दिसेल तो प्लेटचा की आजाराचा, हे नंतर कुठलंही सांख्यिकी तंत्र सांगू शकत नाही.

दाहासाठी रक्तातलं सीआरपी हे प्रथिन बघतात. १० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वरचा आकडा बहुधा सर्दी-ताप किंवा जखमेचा असतो. तो वगळायचा की दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासायचा, हे डेटा बघण्याआधी ठरवा. बघून ठरवणं म्हणजे हवं ते उत्तर काढणं. वजनाचा प्रश्न अधिक किचकट आहे. चरबीच्या पेशी स्वतःच दाहाचे संकेत सोडतात, आणि नैराश्यानं वजन वाढतंही. मग वजन हा गोंधळ घालणारा घटक की वाटेतलाच एक टप्पा? दोन्ही शक्य आहे. कार्यकारणाची आकृती काढून भूमिका घ्या, आणि वजन धरून व न धरता दोन्ही निकाल द्या. ‘सगळ्या घटकांसाठी समायोजन केलं’ या वाक्यानं समीक्षकाचं समाधान होत नाही, होऊही नये.

हृदयगतीतल्या चढउतारासाठी पाच मिनिटांची शांत, बसलेली नोंद पुरते. पण एक जादा ठोकाही आरएमएसएसडी हा (लागोपाठच्या ठोक्यांमधली अंतरं किती बदलतात ते सांगणारा) आकडा फुगवतो, म्हणून सॉफ्टवेअरवर न विसंबता प्रत्येक नोंद डोळ्यांनी तपासा. सुरुवातीला त्याला दर माणशी अर्धा तास लागतो आणि ते कंटाळवाणं काम आहे. मनगटी घड्याळावरचे आकडे स्थिर बसलेल्या माणसाचे ठीक, चालणाऱ्याचे नाहीत.

प्रयोगशाळेत ताण निर्माण करायला ट्रियर विद्यापीठात १९९३ साली तयार झालेली पद्धत अजून चालते: थोडी तयारी, पाच मिनिटं भाषण, पाच मिनिटं १०२२ मधून १३-१३ वजा करत जाणं, समोर निर्विकार चेहऱ्याचे परीक्षक. ती बिघडते परीक्षकामुळे. नवखा सहायक दया येऊन हसतो, मान डोलावतो आणि ताण ओसरतो. परीक्षकांची तालीम घ्या. सत्र दुपारी ठेवा, कारण सकाळी कॉर्टिसोल आपसूकच चढलेलं असतं.

प्रश्नावली सोपी नसते

पीएचक्यू-९ या नैराश्याच्या प्रश्नावलीत नऊ प्रश्न, गुण ० ते २७, आणि १० पासून पुढे लक्ष द्यायचं. पण झोप, थकवा, भूक, एकाग्रता, हालचाल मंदावणं हे पाच प्रश्न हृदय निकामी होत असलेल्या किंवा केमोथेरपी चाललेल्या माणसाला नैराश्याशिवायही लागू होतात. शारीरिक आणि भावनिक प्रश्नांची बेरीज वेगवेगळी मांडा. फक्त शारीरिक बाजूनंच संबंध दिसत असेल, तर तुम्ही आजाराचीच लक्षणं दोनदा मोजली असण्याची दाट शक्यता आहे.

नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. होकारार्थी उत्तर आलं तर कोण, किती तासांत, कुणाला फोन करणार हे लेखी हवं, नावानिशी, रजेवरच्या माणसाच्या बदल्यासकट. ऑनलाइन प्रश्नावलीत धोका असा, की उत्तर सर्व्हरवर येऊन पडतं आणि तीन आठवडे कुणी फाइल उघडतच नाही. आपोआप इशारा जाण्याची सोय करा आणि पहिल्या सहभागीआधी खोटी नोंद भरून ती चालते का ते बघा. सहभागींच्या कागदावर अमेरिकेत ९८८, भारतात टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक छापा.

भारतातला डेटा घ्यायचा असेल तर

इथं करण्यासारखं पुष्कळ आहे, आणि झालंही आहे. गोव्यात संगत संस्थेच्या ‘मानस’ चाचणीनं (२०१०) दाखवलं, की प्रशिक्षण दिलेले सामान्य समुपदेशक सरकारी आरोग्य केंद्रांत नैराश्यावर चांगलं काम करू शकतात. खासगी दवाखान्यांत तसा फायदा दिसला नाही. ‘इंडिपेंडंट’ चाचणीत (२०२०) चेन्नई, बंगळुरू, दिल्ली आणि विशाखापट्टणमच्या दवाखान्यांत मधुमेह आणि नैराश्य दोन्ही असलेले ४०४ रुग्ण होते. तिचा मुख्य निकष मुद्दाम बघा: नैराश्याची लक्षणं निम्म्यावर, *आणि* साखर, रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉल यांपैकी किमान एकात ठरलेली घट. मन आणि शरीर एकाच निकषात बांधायचं कसं, ते यातून शिकण्यासारखं आहे.

परवानग्यांना वेळ धरा. इथल्या संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता, हस्तक्षेपाची चाचणी असेल तर पहिला सहभागी घेण्याआधी सीटीआरआय या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत नोंदणी, आणि परदेशी पैसा किंवा सहकार्य असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी. अमेरिकी समितीची परवानगी या कशाचीही जागा घेत नाही. शिवाय मे २०२५ मध्ये एनआयएचनं परदेशी संस्थांना उप-अनुदान देण्याची जुनी पद्धत थांबवली, तेव्हा मार्गदर्शकाच्या अनुदानातून पुण्याच्या रुग्णालयाला पैसे जातील असं गृहीत धरू नका.

के-९९ चं उलटं कॅलेंडर

एनआयएचचं ‘के-९९/आर-००’ हे अनुदान व्हिसावरच्या माणसालाही मागता येतं. दोन वर्षांपर्यंत मार्गदर्शनाखाली (के-९९), मग स्वतःच्या प्राध्यापकपदावर तीन वर्षांपर्यंत (आर-००). एरवीची अट अशी, की अर्ज करताना पोस्टडॉकचा अनुभव चार वर्षांपेक्षा जास्त नसावा, आणि ही अट दुरुस्त करून दिलेल्या दुसऱ्या अर्जालाही लागते.

नव्या अर्जाच्या तारखा १२ फेब्रुवारी, १२ जून, १२ ऑक्टोबर. दुरुस्त अर्जाच्या १२ मार्च, १२ जुलै, १२ नोव्हेंबर. पहिल्याच फटक्यात मिळेल असं धरू नका. परीक्षकांचा अहवाल हातात यायला पाच-सहा महिने, दुरुस्त करून पुन्हा द्यायला आणखी तीन-चार. म्हणजे पहिला अर्ज दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत जायला हवा. त्यात प्राथमिक निकाल लागतात, म्हणून तो छोटा अभ्यास पहिल्या वर्षात सुरू झालेला हवा, आणि त्याची नैतिकता समितीची फाइल पहिल्या तीन महिन्यांत दाखल झालेली हवी.

लिहिताना उद्दिष्टांच्या एका पानापासून सुरुवात करा. दुसरं उद्दिष्ट पहिल्याच्या यशावर अवलंबून असेल तर परीक्षक तिथंच बोट ठेवतात. प्रशिक्षणाच्या भागात ‘दाहाबद्दल शिकेन’ लिहू नका. कोणता कोर्स, कुणाच्या प्रयोगशाळेत, किती आठवडे, शेवटी कोणतं मापन तुम्ही एकट्यानं करू शकाल ते लिहा. आणि आर-०० च्या वर्षांत कोणता डेटा आणि कोणते गोठवलेले नमुने तुम्ही घेऊन जाणार, कोणता प्रश्न मार्गदर्शकाचा राहणार, हे त्यांच्या पत्रात स्पष्ट शब्दांत यायला हवं. ते बोलणं अवघड वाटतं, म्हणून सगळे पुढं ढकलतात. अर्जाच्या सहा महिने आधी करा, आणि ठरलं ते त्याच दिवशी मेलवर लिहून पाठवा.